फी माफ झाल्यावर उरलेला खर्च
(सहायक मेळाव्यातील भाषण)



गेल्या मेळाव्यात एका ज्येष्ठ दात्यांनी मला विचारले, "मुलींना शाळेत फी नाही. मग तुमचा एवढा पैसा तांदूळ, डाळ आणि गाद्यांवर का जातो?" प्रश्न रास्त होता. आज त्याचे उत्तर दोन लहान देशांची उदाहरणे घेऊन देतो.

पहिला देश मॉरिशस. वस्ती साधारण साडेबारा लाख. आपली मराठी माणसेही तिथे पिढ्यान्पिढ्या राहतात. मे १९७५ मध्ये तिथले विद्यार्थी रस्त्यावर उतरले. १९७७ पासून सरकारने माध्यमिक शिक्षण मोफत केले. सरकारी शाळा पुरेशा नव्हत्या, बरीच मुले खाजगी शाळांत होती. म्हणून सरकारने त्या शाळांना अनुदान दिले आणि मुलांची फी बंद केली. तरी बसभाडे उरलेच. २००५ पासून विद्यार्थ्यांना बसप्रवासही मोफत झाला. मुख्य बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब. मूल सकाळी बसने जाते आणि रात्री आईजवळ झोपते.

दुसरा देश भूतान. वस्ती आठ लाखांच्या आत, पण क्षेत्रफळ मॉरिशसच्या सुमारे एकोणीस पट, आणि सगळा डोंगर. २००८ च्या राज्यघटनेने दहावीपर्यंत मोफत शिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली. पण दरीपलीकडच्या वस्तीतले मूल रोज शाळेत येणार कसे? त्याला शाळेतच राहावे लागते. तिथे शाळेच्या जेवणासाठी जागतिक अन्न कार्यक्रमाने १९७४ पासून मदत केली. २०१८ च्या अखेरीस ती थांबली आणि तो भार सरकारने स्वतः उचलला. २०१५ पासून तिथे केंद्रीय शाळा सुरू झाल्या. त्यांत राहणे, जेवण, गणवेश, अंथरूण-पांघरूण देण्याची जबाबदारी तेव्हा सरकारने घेतली.

गेल्या काही वर्षांत भूतान राष्ट्रीय उत्पन्नाचा मॉरिशसपेक्षा मोठा वाटा शिक्षणावर खर्च करीत आला आहे. याची कारणे अनेक आहेत. २०१९ मध्ये त्यांनी शिक्षकांचे पगारही बरेच वाढवले. पण नुसते आकडे पाहून कोण उदार आणि कोण काटकसरी, हे ठरवता येत नाही. एकाचा पैसा अनुदानात आणि बसमध्ये जातो, दुसऱ्याचा भातात आणि पांघरुणात. दोघांनी एकच प्रश्न विचारला : आपले मूल शाळेपासून कशामुळे दूर राहते?

आता आपल्या पाड्यांकडे या. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. नववीची शाळा आमच्या वरच्या पाड्यांपासून चौदा किलोमीटरवर आहे. मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, पण पाड्यावर एसटीच येत नाही. पावसाळ्यात ओढा भरला की पायवाटही बंद.

दोन वर्षांपूर्वी आठवीत पहिली आलेली एक मुलगी पुढे शाळेत गेली नाही. तिच्या वडिलांना भेटायला गेलो. ते म्हणाले, "गुरुजी, फीचं काय नाय. पोर रातीला राहील कुठं?" मला उत्तर देता आले नाही, कारण त्या वर्षी आपले वसतिगृह भरलेले होते. आज ती वीटभट्टीवर आहे.

म्हणून, दादा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे : आमच्या भागात तांदूळ आणि गादी हाच शिक्षणाचा खर्च आहे. सरकारने तो उचलावा, हे आम्ही मागतच राहू. पण यंदा जूनमध्ये नववीसाठी अकरा मुलींनी नाव दिले आहे आणि जागा चारच आहेत. उरलेल्या सात मुलींच्या वडिलांना काय सांगायचे, ते आपण सर्वांनी मिळून ठरवू या.