वार्धक्य आणि शरीराचा तोल
(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



आजच्या विषयासाठी मराठी भाषेत शब्दांची मुळीच वाण नाही. भोवळ, घेरी, गरगरणे, अंधारी येणे, झोक जाणे, पाय लटपटणे असे कितीतरी शब्द जुन्या पिढीच्या बोलण्यात होते आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा होता. अलीकडे या सर्वांची जागा ‘चक्कर येते’ या एकाच वाक्याने घेतली आहे. वृद्ध गृहस्थ दवाखान्यात जातात, एवढेच वाक्य सांगतात आणि परतताना हाती एक गोळी असते. ती पुढे महिनोन्महिने चालू राहते. घरातील मंडळी ‘आता वयच झाले’ असे म्हणून विषय संपवितात. परंतु वय हे काही रोगाचे नाव नव्हे. चक्कर हे लक्षण आहे. त्यामागील कारण बहुधा शोधता येते आणि त्यांतील एक कारण तर असे आहे की ते गोळीने नव्हे, केवळ डोक्याच्या हालचालींनी दूर होते.

मनुष्य दोन पायांवर उभा राहतो ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. मेंदूकडे तीन ठिकाणांहून अखंड वार्ता येत असते. डोळे सभोवतालचे दृश्य सांगतात, तळपाय व सांधे जमिनीचा अंदाज देतात आणि अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन लहान पिशव्या डोक्याची हालचाल कळवितात. तिन्ही खात्यांचा ताळा जुळला की तोल राहतो. एका खात्यात खोट आली तर उरलेली दोन ती बऱ्याच अंशी भरून काढतात. वार्धक्यात मात्र तिन्ही खात्यांत थोडीथोडी खोट येते. मोतीबिंदू दृष्टी मंदावतो, मधुमेहाने पाय बधिर होतात, कानातील सूक्ष्म पेशी घटतात. त्यामुळे ज्येष्ठांच्या चकरेला पुष्कळदा एक नव्हे, दोन-तीन कारणे एकत्र असतात.

आता त्या कानातील कारणाविषयी थोडे विस्ताराने. अंतर्कर्णातील पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अत्यंत बारीक कण चिकटलेले असतात. उतारवयात ते सुटतात आणि एखाद्या नलिकेत जाऊन पडतात. मग अंथरुणात कूस बदलली, मान वर केली किंवा खाली वाकले की ते कण घरंगळतात आणि मेंदूला खोटी वार्ता जाते. सारी खोली गरगर फिरू लागते, उलटीची भावना होते, आणि बहुधा मिनिटभराच्या आत सर्व शांत होते. वरच्या फळीवरील वस्तू काढताना त्रास होतो म्हणून इंग्रजी वैद्यकात याला ‘वरच्या फळीची भोवळ’ असेही म्हणतात. कापडाच्या दुकानात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे नाव लगेच पटेल. तागे वरच्याच फळ्यांवर असतात.

अशाच एका पेढीवरील सत्तरी ओलांडलेल्या दिवाणजींची हकीकत बोलकी आहे. तागा काढताना त्यांना भोवळ आली. मानेचा एक्स-रे निघाला, मणक्यांत झीज दिसली, गळ्यात पट्टा आला. वास्तविक या वयात मानेचा एक्स-रे काढला तर झीज बहुतेकांच्या मानेत दिसतेच. त्यावरून चकरेचे कारण मानेतच आहे असे ठरत नाही. पट्टा व गोळ्या दीड वर्ष चालल्या. पडण्याच्या भीतीने त्यांनी पेढी सोडली, सकाळचे फिरणे सोडले, देवदर्शनालाही कोणीतरी सोबत असेल तरच जाऊ लागले. अखेर तालुक्याच्या गावी कान-नाक-घसातज्ज्ञांनी त्यांना तपासणीच्या टेबलावर बसविले, मान एका बाजूस वळवून झटकन आडवे केले आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले. बुबुळे थरथरत फिरत होती. निदान झाले. मग डोके आणि शरीर ठरावीक क्रमाने वळवून, प्रत्येक स्थितीत थोडा वेळ थांबवून ते कण पुन्हा पिशवीत उतरविले. त्यास पाच-सात मिनिटे लागली. दुसऱ्या भेटीनंतर भोवळ थांबली. दीड वर्षात क्षीण झालेले पाय मात्र सावरायला पुढे कित्येक महिने गेले.

या ज्ञानामागे मोठी परंपरा आहे. व्हिएन्ना येथील डॉक्टर रॉबर्ट बारानी यांच्या लक्षात आले की रुग्णाचा कान थंड पाण्याने धुतला तर त्याला गरगरते आणि बुबुळे एका दिशेने झटके देतात. कोमट पाणी अधिक गरम असेल तर झटक्यांची दिशा उलट होते. अंतर्कर्णावरील संशोधनासाठी १९१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. डिक्स व हॉलपाइक यांनी वर सांगितलेली आडवे करण्याची तपासणी १९५२ मध्ये मांडली. कण परत बसविण्याची युक्ती अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांची. १९८० च्या सुमारास त्यांनी ती सहव्यवसायिकांपुढे मांडली तेव्हा पुष्कळांनी अविश्वास दाखविला. १९९२ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि आज ती जगभर रूढ आहे. ही क्रिया प्रथम जाणकाराकडूनच करून घ्यावी, कारण दोष कोणत्या कानात आहे हे आधी ठरवावे लागते. त्रास काहींना पुन्हा उद्भवतो, तेव्हा क्रियाही पुन्हा करता येते.

गोळ्यांविषयी येथेच स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रोक्लोरपेराझीन, सिनॅरिझीन यांसारखी औषधे तीव्र त्रासात काही दिवसांपुरती उपयोगी पडतात. दीर्घकाळ घेतल्यास ज्येष्ठांमध्ये हातापायांचा कंप, ताठरपणा आणि मंद चाल उद्भवू शकते, आणि तोल अधिकच बिघडतो. जुनी चिठ्ठी दाखवून औषधांच्या दुकानातून ही गोळी आणीत राहणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे, तो घातक आहे.

उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, तिचे कारण निराळे. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून अधिक उतरला तर तो दोष समजावा. रक्तदाबाच्या, लघवी वाढविणाऱ्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्या यास हातभार लावतात. आपल्या समाजात याला आणखी एक बाजू आहे. उपवासाच्या दिवशी किंवा सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य असताना शरीरातील पाणी घटते, गोळ्यांची मात्रा मात्र तीच राहते; पहाटे प्रतिक्रमणासाठी उठावे तो तोल जातो. व्रत कोणते व किती करावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु व्रतापूर्वी डॉक्टरांना सांगून मात्रा व वेळा ठरवून घेण्यास कोणतीच आडकाठी नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. पहाटे उठताना अंथरुणाच्या कडेवर मिनिट-दोन मिनिटे बसून, पाय हालवून मग उभे राहावे.

तिसरा प्रकार शाकाहारी कुटुंबांनी विशेष ध्यानात घ्यावा. गरगरत काहीच नाही, पण अंधारात पाऊल चुकते, तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो. असे झाल्यास तळपायांची वार्ता मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही असे समजावे. मधुमेह हे त्याचे एक कारण, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव हे दुसरे. हे जीवनसत्त्व शाकाहारात मुख्यतः दूधदुभत्यातूनच मिळते आणि वयपरत्वे ते शोषून घेण्याची शक्तीही उणावते. रक्ताच्या साध्या तपासणीत उणीव कळते व औषधाने ती भरून निघते. उशीर झाल्यास मात्र ज्ञानतंतूंची हानी पूर्णपणे सुधारत नाही.

अचानक तोल जाऊन बोलणे अडखळू लागले, एकाची दोन रूपे दिसू लागली, चेहरा वाकडा झाला, हातपाय लुळा पडला किंवा उभेच राहता येईना, तर पित्त झाले म्हणून लिंबू-सरबत देत बसू नये. तो मेंदूचा झटका असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून तत्काळ १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात, त्यांत साठीपुढील व्यक्ती सर्वाधिक असतात. स्नानगृहात टॉवेलची दांडी आधारासाठी नसते, भाराने ती भिंतीतून निघून येते. स्वतंत्र पक्की दांडी बसवून घ्यावी. रात्री मंद दिवा असावा. घोट्याखाली लोळणारा गाऊन अथवा धोतराचा सोगा जिन्यावर पायांत येतो, म्हणून किनार चार बोटे वर घ्यावी. कापड थोडे कमी लागेल इतकेच. ओट्याचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे हा अभ्यास घरात कोणी जवळ असताना रोज करावा.

काठीचा संकोच मात्र अनेकांना वाटतो. सरळ उभे राहून हात खाली सोडला असता मनगटाच्या रेषेपर्यंत येईल इतकी काठी उंच असावी. एक पाय दुबळा असेल तर ती त्याच्या विरुद्ध हातात धरावी, आणि तळाचे रबर झिजताच बदलून घ्यावे.