उजेड पडतो कुठे?



समोरचा रस्ता दाखवणं हे हेडलाइटचं अर्धं काम. समोरून येणाऱ्यालाही त्याचा रस्ता दिसू देणं, हे उरलेलं अर्धं. उसाच्या हंगामात रात्री शिरूर–न्हावरे–चौफुला रस्त्यानं ज्यानं गाडी चालवली आहे, त्याला हे दुसरं अर्धं समजावून सांगावं लागत नाही. युरोपातल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या दिव्यांकडे मी आज याच नजरेनं बघणार आहे.

हा विषय आपल्यापासून फार लांबचाही नाही. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावला फियाटचा कारखाना आहे. विंचवाचं चिन्ह मिरवणारी, १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो २०१५ साली तिथेच तयार होऊ लागली. त्याच फियाटची ८५० स्पायडर ही एक छोटी, परवडणारी गाडी. १९६६ साली जिनिव्हात लॅम्बोर्गिनी मिउरा झळकली, तेव्हा तिचे दिवे या ८५० स्पायडरचेच होते. बंद असताना ते बॉनेटवर उताणे पडून असत, लावले की वर उचलले जात. भोवतीच्या काळ्या पट्ट्यांना लोक पापण्या म्हणू लागले. एवढ्या महागड्या गाडीला स्वस्त गाडीचा दिवा शोभला, कारण मिउराचं रूप घडवणाऱ्या बेर्तोनेच्या कारखान्यानं त्याची जागा अचूक निवडली होती.

दिव्याचं रूप मात्र नेहमीच कलाकाराच्या हातात राहिलं नाही, कायद्यानंही ते घडवलं. अमेरिकेनं १९४० पासून सात इंची गोल सील्ड बीम सक्तीचा केला. रिफ्लेक्टर, तार आणि काच एकत्र बंद. तार जळली की अख्खा दिवा बदलायचा. जॅग्वार ई-टाइपच्या दिव्यांवरची निमुळती काचेची झाकणं १९६७ साली गेली, तीही अमेरिकी नियमांपायी. माझ्या मते त्या गाडीचा चेहरा तिथेच बिघडला. फ्रान्सनं तर १९९३ पर्यंत पिवळ्या उजेडाचा आग्रह धरला होता.

आता काचेकडे या. तिच्यावरच्या उभ्या रेघा आणि चौकटी नक्षीसाठी नाहीत. रिफ्लेक्टरकडून आलेला झोत त्या रेघा वाकवतात, पसरवतात. १९५७ पासून युरोपात डिपरचा झोत मुद्दाम एका बाजूला चढता ठेवू लागले, म्हणजे कडेचा माणूस लांबून दिसतो. जर्मनी–इटलीत वाहतूक उजवीकडून, म्हणून तिथल्या काचेचा झोत उजवीकडे चढतो. ती काच आपल्या रस्त्यावर आली की चढता झोत थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. हौसेनं मूळ इटालियन काच मागवणाऱ्यांनी हे आधी तपासावं. डावीकडून चालणाऱ्या ब्रिटनसाठी बनलेली काच आपल्याकडे बरोबर बसते.

तपासणी सोपी आहे. संध्याकाळी गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर उभी करा आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड उजव्या हाताला आडवी आणि डाव्या हाताला सुमारे १५ अंशांनी चढलेली दिसली पाहिजे. १९५७ च्या आधीच्या दिव्यांत अशी कड शोधू नका, त्यांचा झोत फक्त खाली झुकतो.

जुना दिवा मंद झाला की लोक बल्बला दोष देतात. दोष बहुतेक वेळा रिफ्लेक्टरचा असतो. त्यावरचा चांदीचा मुलामा हवेनं काळवंडतो. मग कुणीतरी त्यावर क्रोम चढवून देतो. ते चकाकतं खरं, पण क्रोम सुमारे ६५ टक्केच उजेड परतवतं. चांदी ९० टक्क्यांहून जास्त. पुन्हा चांदी चढवा, किंवा निर्वात भांड्यात ॲल्युमिनियमचा थर देऊन घ्या.

एलईडी बल्ब मात्र जुन्या दिव्यात घालू नका, असं मी कळकळीनं सांगतो. तो वक्र रिफ्लेक्टर तारेची नेमकी जागा धरून आखलेला असतो. एलईडीचा उजेड वेगळ्या जागेवरून, वेगळ्या आकारानं निघतो, डिपरची कड फाटते आणि समोरचा आंधळा होतो.

बल्ब बदलण्याआधी वायरिंग बघा. जुन्या स्विचमध्ये आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये १० टक्के व्होल्टेज गळालं, तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. बॅटरीपासून जाड तार आणि मध्ये एक रिले टाकला, तर स्विचवरचा भार हलका होतो आणि तोच जुना बल्ब पूर्ण तेजानं जळतो. रिले बॉनेटखाली नजरेआड बसवता येतो. मूळ स्विच, मूळ काच, मूळ कडी, काहीच बदलावं लागत नाही.