निद्रिस्त घराचा पहारेकरी



उत्तर कोलकात्यातील बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करू लागल्या, तेव्हा भयभीत रहिवाशांनी १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणण्यास आरंभ केला. संकल्प सात मैलांचा होता. सुमारे तीन मैल खोदून झाल्यावर काम थांबले. मराठे कोलकात्यावर चालून गेलेच नाहीत. कालांतराने खंदक बुजला, गल्लीचे नाव तेवढे उरले.

त्याच बागबाजारावर पुढे वेगळ्याच शत्रूने घाला घातला. १३ जानेवारी २०२१ रोजी संध्याकाळी महिला महाविद्यालयाजवळच्या दाट वस्तीला आग लागली. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या फुटल्या, झोपड्या भस्मसात झाल्या, रामकृष्ण मठाच्या उद्बोधन कार्यालयालाही झळ पोहोचली. संसार उघड्यावर आले. प्राणहानी मात्र टळली. ती वेळ माणसे जागी असण्याची होती, हे विसरता येत नाही.

रात्रीची आग अशी दया दाखवीत नाही. अवघ्या चार दिवसांपूर्वी, ९ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर, भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात १० बालके दगावली. कोलकात्याच्याच ढाकुरियातील आमरी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी पहाटे लागलेल्या आगीत नव्वदच्या आसपास माणसे गेली. त्यांतील बहुतेकांचा जीव ज्वालांनी नव्हे, तर धुराने घेतला. झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागे करीलच, असा भरवसा नसतो. उलट त्यातील कार्बन मोनॉक्साइड त्याची शुद्धच हरपते. म्हणून निद्रिस्त घराला न झोपणारा पहारेकरी हवा. धूरशोधक, अर्थात स्मोक डिटेक्टर, हा तो पहारेकरी होय.

परंतु तो छताला लावला म्हणजे काम संपले असे नाही. त्याची तार कशी जोडली आहे, यावर सारे अवलंबून असते. अमेरिकेतील ‘एनएफपीए ७२’ आणि ब्रिटनमधील ‘बीएस ५८३९’ या मानकांचे सार तीन सूत्रांत सांगता येते.

पहिले सूत्र असे की, धूरशोधकाच्या वाटेत भिंतीवरचे बटण नसावे. फोडणीच्या धुराने तो ओरडला की कोणीतरी त्रासून बटण बंद करतो आणि पुन्हा चालू करण्याचे विसरतो. त्याचा वीजपुरवठा स्वतंत्र सर्किटवरून किंवा रोजच्या वापरातील दिव्यांच्या सर्किटवरून घ्यावा. दिव्यांच्या सर्किटचा लाभ असा की, फ्यूज गेल्यास दिवेही विझतात आणि बिघाड त्याच दिवशी ध्यानात येतो.

दुसरे सूत्र बॅटरीचे. जळणाऱ्या तारेमुळे एमसीबी पडून वीज जाते, नेमक्या त्याच क्षणी पहारेकरी मुका होता कामा नये. भारनियमन सोसलेल्या घरांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

तिसरे सूत्र परस्परजोडणीचे. फेज आणि न्यूट्रल यांखेरीज एक संदेशवाहक तार सर्व शोधकांना जोडते. दिवाणखान्यात धूर झाला की आजी-आजोबांच्या खोलीतला भोंगाही वाजतो. स्कॉटलंडने फेब्रुवारी २०२२ पासून असे परस्परांशी जोडलेले शोधक सर्व घरांना बंधनकारक केले. तार टाकणे शक्य नसल्यास बिनतारी, दीर्घायुषी बॅटरीवर चालणारे शोधकही मिळतात.

जागेचाही विवेक हवा. प्रत्येक शयनगृहात, त्याबाहेरच्या वाटेत आणि प्रत्येक मजल्यावर एकेक शोधक असावा. पंख्याच्या पात्यांपासून तो सुमारे एक मीटर दूर ठेवावा, कारण वारा धूर उधळून लावतो. स्वयंपाकघरात धूरशोधकाऐवजी उष्णताशोधक बसवावा. देवघरातील धूपाच्या अगदी वर शोधक लावू नये.

भारतात ‘आयएस ७३२’ हे विद्युत जोडणीचे आणि ‘आयएस २१८९’ हे अग्निसूचक यंत्रणेचे मानक आहे. राष्ट्रीय इमारत संहितेचा मुख्य रोख मात्र उंच व सार्वजनिक इमारतींवर आहे. साध्या बैठ्या घरात धूरशोधक लावण्याची सक्ती नाही. जेथे कायदा थांबतो, तेथे गृहस्थाचे कर्तव्य सुरू होते. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि त्याच वेळी घरातील जुन्या, भार न पेलणाऱ्या तारांचीही तपासणी व्हावी, कारण आगीचा उगम अनेकदा तेथेच असतो.

बसवलेला शोधक दहा वर्षांनी बदलावा लागतो आणि महिन्यातून एकदा त्याचे चाचणी-बटण दाबावे लागते. ही मासिक जबाबदारी घरातील शाळकरी मुलाकडे सोपवावी. बटण दाबताच घर सोडून ठरलेल्या जागी जमण्याचा सराव सर्वांनी करावा. अंधारातही दाराची कडी सापडेल इतका तो हाताच्या सवयीचा व्हावा. हीरकमहोत्सवी वर्षात या शाळेच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी असा एक पहारेकरी जागता राहिला, तर शाळेने दिलेल्या विज्ञानशिक्षणाचे चीज होईल.