फ्रंटियर मेलनें आलेला खेळ

सांताक्रूझ स्टेशनाच्या फलाटावर लोकल गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या उतारूला एके काळीं एक रुबाबदार गाडी न थांबतां धडधडत पुढें जातांना दिसे. ती फ्रंटियर मेल. १९२८ सालीं सुरू झालेली ही गाडी मुंबईला थेट पेशावरशीं जोडीत असे, आणि सरहद्दीकडून मुंबईस येणाऱ्याची खरी वाट तीच. १९४४ सालीं, म्हणजे गोदींतील भयंकर स्फोटानें शहर हादरलें त्याच वर्षीं, पेशावरचा एक ठेंगणा पठाण मुंबईंत येऊन दाखल झाला. मुंबईकरांना पठाण ठाऊक होता तो व्याजाच्या तगाद्यावरून किंवा हिंगाच्या पिशवीवरून. ह्या पठाणाजवळ दोन्ही नव्हतीं. त्याच्या हातीं होती स्क्वॉशची रॅकेट. अखिल हिंदुस्थानच्या स्क्वॉश अजिंक्यपदासाठीं मुंबईंत प्रथमच भरलेल्या स्पर्धेंत खेळावयास तो आला होता. त्याचें नांव हाशिम खान.

स्क्वॉश हा खेळ ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं बत्तीस फूट लांब व एकवीस फूट रुंद अशी एक बंद खोली डोळ्यांपुढें आणावी. टेनिसमध्यें दोघांच्या मध्यें जाळें असतें. येथें दोघेही एकाच बाजूस, समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभे असतात. रबराचा पोकळ चेंडू त्या भिंतीवर मारावयाचा व परत येतांना तो जमिनीवर दुसऱ्यांदा टप्पा घेण्यापूर्वीं प्रतिपक्ष्यानें तो उचलावयाचा. भिंतीच्या तळाशीं पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर चेंडू आदळून खणखणाट झाला कीं मारणाऱ्याचा घात झालाच. विलायतेंत हॅरोच्या शाळेंत एकोणिसाव्या शतकांत जन्मलेला हा खेळ गोऱ्या अंमलदारांच्या सामानाबरोबर हिंदुस्थानांत आला आणि छावण्यांत व क्लबांत राहिला. युद्धकाळांत सांताक्रूझच्या विमानतळावर ब्रिटिश विमानदलाचा तळ होता. तसाच तो पेशावरासही होता, व तेथील अंमलदारांच्या मेसमध्यें हाशिम १९४२ पासून स्क्वॉशचा शिक्षक होता.

शिक्षक हा शब्द मात्र जरा जपून घेतला पाहिजे. क्लबांत त्याला मार्कर म्हणत. गुण मोजणें, रॅकेटींच्या तांती ओढणें, चेंडू गोळा करणें आणि साहेबाला जोडीदार नसेल तेव्हां त्याच्याशीं खेळणें हीं सारीं कामें त्याचींच. साहेबाला दमवावें, पण नमवूं नये. आणि आपण त्याला सांभाळून घेत आहों हेंही त्याच्या लक्षांत येऊं देऊं नये, ही ह्या नोकरींतील खरी कला. हौशी तो सभ्य गृहस्थ आणि खेळावर पोट भरणारा तो चाकर, असा भेद विलायतेंत क्रिकेटच्या मैदानावरही पाळला जाई. तेथें दोघांचीं दारेंसुद्धां निराळीं असत.

हाशिमचे वडील अब्दुल्ला खान पेशावरच्या अंमलदारांच्या क्लबांत कामास होते. ते अपघातांत वारले तेव्हां मुलगा अवघा अकरा वर्षांचा होता. शाळा सुटली आणि तो त्याच क्लबांत चेंडू आणून देणारा पोऱ्या झाला. तेथील कोर्टांना छप्पर नव्हतें. भिंतीवरून उडून बाहेर पडलेला चेंडू धांवत जाऊन आणावयाचा, एवढेंच त्याचें काम. भर दुपारीं साहेबलोक विश्रांति घेत. तेव्हां रिकामें कोर्ट ह्या पोरांचें. पायांत कांहीं न घालतां, तापलेल्या जमिनीवर, टाकाऊ चेंडू घेऊन तीं खेळत. ज्याचा पाय असा चटके खात हलावयास शिकला तो पुढें कोणत्याही चेंडूपर्यंत पोंचूं लागला, ह्यांत नवल कसलें?

अशा माणसांना मुंबईच्या त्या स्पर्धेनें एक गोष्ट दिली, जी नोकरींत कधींच मिळत नाहीं. येथें कोणाला सांभाळून घ्यावयाचें नव्हतें. समोर साहेब नसून आपल्यासारखाच पोटासाठीं खेळणारा दुसरा उस्ताद असे, आणि निकाल काय तो गुणांनीं लागे. हाशिमनें १९४४ चें अजिंक्यपद जिंकलें. १९४५ व १९४६ सालींही तें त्याच्याकडेच राहिलें. फाळणीपूर्वीं ह्याच मुंबईंत ज्यांना त्यानें एकाहून अधिक वेळां हरविलें त्यांत अब्दुल बारी नांवाचा एक निष्णात खेळाडू होता. ह्या कहाणीचा अर्धा भाग हाशिमचा आहे. उरलेला अर्धा बारीचा, आणि तोच सहसा सांगितला जात नाहीं.

१९४७ सालीं देश दुभंगला. फ्रंटियर मेल अमृतसरापाशींच थांबूं लागली. हाशिम पाकिस्तानचा झाला, बारी हिंदुस्थानचा राहिला. पेशावर व मुंबई यांच्यामधील ती सरळ वाट गेली, आणि तिच्याबरोबर दोघांची गांठ पडण्याचा तो जुना योगही गेला.

१९५० सालीं बारी हिंदुस्थानतर्फे विलायतेस जाऊन ब्रिटिश ओपन स्पर्धेंत खेळला. १९३० पासून चालत आलेली ही स्पर्धा त्या काळीं जगज्जेतेपदाच्याच मोलाची मानली जाई. एकामागून एक प्रतिस्पर्धी गारद करीत बारी अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. तेथें गांठ पडली ती ईजिप्तच्या महमूद करीमशीं. लागोपाठ तीन वर्षें हें पद करीमकडे होतें. निकाल करीमच्या बाजूनें लागला: ९-४, ९-२, ९-७. नुसते आंकडे पाहणारा म्हणेल, सामना एकतर्फी झाला. पण त्या वेळच्या नियमांप्रमाणें ज्याची सर्व्हिस असेल त्यालाच गुण मिळे. दुसऱ्यानें कितीही झुंज दिली तरी त्याला प्रथम सर्व्हिसच काय ती परत मिळे. दोन डाव गमावून बसलेल्या खेळाडूनें तिसऱ्यांत जगज्जेत्याविरुद्ध असे सात गुण काढले, हें विसरून चालणार नाहीं.

ही वार्ता पेशावरास पोंचली तेव्हां हाशिमनें केलेला हिशेब अगदीं साधा होता. जगांत ज्याच्यावर एकच माणूस उरला, त्या बारीला आपण मुंबईंत हरविलेलें आहे. मग आपण कोठें बसतों? त्यानें खटपट आरंभिली. पाकिस्तानच्या विमानदलानें त्याला पाठबळ दिलें, आणि १९५१ सालीं पस्तिशी उलटलेला हा गृहस्थ विलायतेस जाऊन करीमसमोर उभा राहिला. ९-५, ९-०, ९-०. शेवटच्या दोन डावांत करीमला एकही गुण मिळाला नाहीं! पुढें १९५६ पर्यंत दर वर्षीं आणि पुन्हां १९५८ सालीं, असें एकूण सात वेळां हाशिमनें तें पद जिंकलें. मधलें १९५७ चें त्याच्याच नात्यांतल्या रोशन खाननें घेतलें. धाकटा भाऊ आझम १९५९ पासून चार वर्षें विजेता होता, आणि रोशनचा मुलगा जहांगीर १९८२ ते १९९१ अशीं सलग दहा वर्षें. ह्या साऱ्या परंपरेचें दार उघडलें तें बारीच्या एका पराभवानें. तो पहिल्याच फेरींत हरता तर पेशावरच्या शिक्षकाला आपलें माप घ्यावयास गजच मिळाला नसता. स्क्वॉशच्या इतिहासांत बारीच्या वांट्यास येते ती बहुधा एक ओळ, आणि तीही हाशिमच्या चरित्रांत.

हाशिम खान २०१४ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंत वारला. फ्रंटियर मेलला १९९६ पासून गोल्डन टेंपल मेल म्हणतात. अमृतसर सोडून ती मुंबई सेंट्रलला येते. डाव आतां अकरा गुणांचा असतो, आणि सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक चेंडूस गुण मिळतो. पेशावर आणि मुंबई यांची गांठ मात्र सुटलेली नाहीं. ३० सप्टेंबर २०२३ रोजीं चीनमधील हांगझौ येथें आशियाई क्रीडास्पर्धेंत पुरुषांच्या सांघिक अंतिम सामन्यांत भारत व पाकिस्तान समोरासमोर आले. पहिल्या लढतींत मुंबईचा महेश माणगांवकर नासिर इक्बालकडून सरळ तीन डावांत हरला. सौरव घोषालनें तितक्याच सरळपणें दुसरी लढत जिंकून बरोबरी केली. तिसरींत अभय सिंहापुढें उभा होता पेशावरचा तरुण नूर झमान. १९७५ चे ब्रिटिश ओपन विजेते कमर झमान हे त्याचे आजोबा. पांचव्या डावांत अभय ८-१० असा मागें होता, आणि आणखी एका चुकीनें सुवर्णपदक गेलेंच असतें. तेथून त्यानें लागोपाठ चार गुण घेऊन डाव १२-१० असा संपविला.