हातचा कोणाच्या हाती?



शिक्षणाच्या प्रश्नावर बोलताना चळवळीतील मंडळी बहुधा विद्यापीठांविषयी, शुल्कवाढीविषयी, खाजगीकरणाविषयी बोलतात. त्यात गैर काही नाही. तथापि दुसरीच्या वर्गात पाटीवर मांडलेली दोन अंकी बेरीज हा कार्यकर्त्यांच्या चिंतनाचा विषय क्वचितच होतो. वस्तुतः शिक्षणातील विषमतेची पहिली फट तेथेच पडते. हातच्याच्या बेरजेशी अडखळलेले मूल पुढे गुणाकाराशी अडखळते, मग भागाकाराशी. आणि अखेरीस ‘याचे डोके गणितात चालत नाही’ असा निकाल देऊन त्याला शिक्षणाच्या बाहेरची वाट दाखवली जाते. हा निकाल किती खोटा आहे हे तपासून पाहण्यास कोळवणसारखे दुसरे ठिकाण नाही.

कोळवण हे मुळशी तालुक्यातील भातखोऱ्यातले गाव. भाताच्या शेतीत मोजल्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. रोपांच्या जुड्या मोजायच्या, पेंढ्यांचे भारे मोजायचे, मजुरांचे दिवस मोजायचे. मागील पिढ्यांचे हिशेब तर आजच्यापेक्षा अवघड होते. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी, बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली. तोवर साध्या खरेदीतही कधी बारावर तर कधी सोळावर हातचा धरावा लागे. सुटे शेर चार झाले की त्यांची एक पायली करायची आणि ती पायल्यांत मिळवायची, हा व्यवहार ज्या स्त्रीपुरुषांना तोंडपाठ होता, त्यांना हातच्याचे तत्त्व अवगतच होते. लहान मापे पुरेशी साठली की त्यांचे एक मोठे माप होते. हातचा म्हणजे याहून वेगळे काही नाही.

मग या समाजाला गणितात मागासलेला कोणी ठरवला? मोजणे कष्टकऱ्याकडे होते, लिहिणे मात्र दुसऱ्याकडे होते, हे त्याचे उत्तर आहे. 12 मे 1875 रोजी याच पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. ते कागद हिसकावून त्यांनी जाळले. ज्या कागदावरची बेरीज आपल्याला तपासता येत नाही, तो कागद जाळण्याखेरीज त्यांच्यापाशी उपाय उरला नव्हता. पुढे 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्यामागील खरा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. परंतु न्यायालयाने तपासणे वेगळे आणि शेतकऱ्याने स्वतः तपासणे वेगळे. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात प्राथमिक शाळेतील विषयांमध्ये मोडी आणि बाळबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेबाचाही आग्रह धरला होता. बहुजनांच्या मुलाला बेरीज का आली पाहिजे, याचे कारण त्यांना पाठ्यपुस्तकात शोधावे लागले नाही.

आता वर्गात येऊ. पाटीवर 28 आणि 17 यांची बेरीज मांडलेली आहे. एक मूल उत्तर लिहिते 315. दुसरे लिहिते 35. दोघांच्याही पाटीवर सारखीच फुली पडते. पण या दोन चुका सारख्या नाहीत. पहिल्या मुलाने आठ आणि सात मिळून पंधरा हे बिनचूक केले आहे, दोन आणि एक तीन हेही बिनचूक केले आहे. पंधरातील दहा सुट्यांचा एक दशक होतो, एवढेच त्याला कोणी दाखवलेले नाही. दुसऱ्याने पाच योग्य जागी लिहिले आहेत, पण दशक वाटेत हरवला आहे. दोघांनाही ‘हातचा एक वर मांड’ अशी आज्ञा देऊन भागत नाही. दहा काड्या मोजून दोरा बांधला, त्या जुडीला दशक म्हटले आणि ती जुडी मुलाने स्वतःच्या हाताने दशकांच्या ढिगात ठेवली, की हातचा हा मंत्र न राहता व्यवहार होतो. मग पंचेचाळीस हे उत्तर त्याचे स्वतःचे असते.

मराठी मुलाच्या वाटेत आणखी एक धोंडा आहे, तो भाषेचा. ‘अठ्ठावीस’ म्हणताना आठ आधी उच्चारला जातो, लिहिताना दोन आधी येतो. ‘एकोणतीस’ म्हणताना कानावर तीस पडतो आणि पाटीवर मात्र तिसाचा तीन दिसतच नाही. शिवाय एक उणे तीस ही वजाबाकी त्या शब्दातच दडलेली आहे. एकोणनव्वदपर्यंत हा क्रम चालतो आणि नव्व्याण्णवला मोडतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यानामे रूढ नावांच्या जोडीने देण्यात आली. कन्नड, तेलुगू या शेजारच्या भाषांत दशक आधी आणि एकक नंतर बोलण्याची पद्धत पूर्वीपासूनच आहे. समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण शांतपणे समजावून सांगितली. तरीही महाराष्ट्रभर थट्टा झाली, विधानसभेपर्यंत विषय गेला, मराठी बुडाल्याची हाकाटी झाली.

भाषेवरील प्रेमाला नावे ठेवण्याचे कारण नाही. रूढ संख्यानामे हा मराठीचा ठेवा आहे आणि बाजारात, घरात, एस. टी. त ती मुलाला ऐकावी लागणारच. त्यामुळे ती शिकवलीच पाहिजेत. परंतु ज्या घरात आजोबांपासून उजळणी चालत आली, तेथील मुलाला ‘त्रेसष्ट’ आणि ‘सदुसष्ट’ शाळेआधीच कानावर पडलेले असतात. ज्या घरात पहिल्यांदाच पाटी आली, तेथील मुलाला संख्या, तिचे नाव आणि तिचे लेखन या तिन्ही गोष्टी एकाच वर्षात पेलाव्या लागतात. त्याच्यासाठी पायरी करून देण्याला भाषाद्रोह म्हणणे हे ज्यांना ती पायरी लागली नाही त्यांचे औद्धत्य होय.

या प्रश्नाची व्याप्ती आकड्यांत पाहावी. ‘असर’ या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी हातच्याची वजाबाकी करू शकणारी मुले 2018 मध्ये 28.2 टक्के, 2022 मध्ये 25.9 टक्के आणि 2024 मध्ये 33.7 टक्के होती. सुधारणा आहे, पण तीन मुलांमागे दोन मुले अद्याप दाराबाहेर आहेत. यांचे डोके चालत नाही काय? अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास केला; तो 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करणारी ही मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या उदाहरणांशी मात्र अडखळत होती. आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना बाजारातील हिशेब जमत नव्हता. दोष मुलांचा नाही. शाळा आणि व्यवहार यांच्यामधला पूल आपण बांधलेला नाही.

तो पूल बांधता येतो, हे महाराष्ट्रानेच दाखवले आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी वस्तीत ते रुजवले. मुले अंगणात असतील तर शाळा अंगणात, गुरांमागे असतील तर कुरणात. आणि साधने म्हणजे पाने, बिया, शिंपले, खडे. त्यासाठी परदेशी साहित्य लागले नाही. लागला तो शिक्षकाचा वेळ.

नेमका तोच वेळ आज दुर्मिळ झाला आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. म्हणजे वाडीवस्तीवरील शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता येतात. त्यावर माहितीचे तक्ते, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे यांचा भार. पाटीवरील 315 पाहून ‘हे कसे केलेस, सांग बघू’ असे विचारायला त्याने सवड कोठून काढावी? आणि पट कमी म्हणून वाडीवरची शाळाच दूर नेली, तर तो प्रश्न विचारणारे माणूसच उरत नाही.

कार्यकर्त्यांनी म्हणून दोन कामे हाती घ्यावीत. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते. तेथे निकालाची टक्केवारी विचारून थांबू नये. तिसरीतील प्रत्येक मुलाला हातच्याची बेरीज करून ती समजावून सांगता येते काय, हे विचारावे. येत नसेल तर शिक्षकास धारेवर न धरता त्याची अवांतर कामे काढून घेण्यासाठी जिल्हा परिषदेकडे धरणे धरावे. दुसरे असे की, गावातील वडीलधाऱ्या स्त्रीपुरुषांना शाळेत न्यावे. पायली-शेराचा हिशेब ज्यांनी आयुष्यभर केला, त्यांनी तो मुलांसमोर मापे ठेवून करून दाखवावा.

रोजगार हमीच्या हजेरीपटावर अंगठा उठवण्यापूर्वी, जमिनीच्या व्यवहाराच्या कागदावर सही करण्यापूर्वी, आकड्यांची बेरीज स्वतः करून पाहणारा माणूस सहजासहजी फसत नाही. सुप्याच्या शेतकऱ्यांना कागद जाळावे लागले. त्यांच्या पणतवंडांना कागद वाचून त्यावरील चूक दाखवता आली पाहिजे. त्याची तयारी दुसरीच्या वर्गात, दहा काड्यांच्या जुडीपासून होते.