व्हिसा रद्द झाला, आता पुढे काय?

बचत गटांच्या आपल्या कार्यक्रमात आज हप्त्याबद्दल नाही, तर हप्ता जिथून येतो तिथल्या गोष्टीबद्दल बोलू या. मंडणगड, दापोली, खेडपासून पलीकडे म्हसळा, श्रीवर्धनपर्यंत किती घरांची चूल दुबई, शारजा, अबुधाबीच्या पगारावर पेटते, ते तुम्हाला सांगायला नको. तिथला राहण्याचा व्हिसा एक दिवस रद्द झाला, तर काय करायचं? याची माहिती घरातल्या बाईला असायलाच हवी, असं आम्हाला का वाटू लागलं, ते आधी सांगतो.

आमच्या एका गटातल्या ताईंचा हप्ता कधी चुकला नव्हता. एका महिन्यात त्या म्हणाल्या, "पुढच्या बैठकीला देते." पुढच्या बैठकीला त्या आल्याच नाहीत. आम्ही दोघी घरी गेलो. पडवीत बसल्यावर रडू आलं त्यांना. नवऱ्याची नोकरी गेली होती. कंपनीचं काम संपलं, व्हिसा कॅन्सल झाला, आणि "गावात कुणाला सांगू नकोस" असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, "वहिनी, कागदावर सही करून दिली मी. पैसे नंतर टाकतो म्हणालेत."

तो कागद म्हणजे सगळा हिशेब मिळाल्याची पावती होती. आणि नोकरी सुटून 30 दिवस उलटून गेले होते. हे 30 दिवस का महत्त्वाचे, ते पुढे येईल.

आता एकेक गोष्ट नीट ऐका. आम्ही सांगतोय ते संयुक्त अरब अमिरातीबद्दल, म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा वगैरे. सौदी, कतार, कुवेतचे कायदे वेगळे आहेत.

पहिली गोष्ट, सही. तिथे आधी कामाचा परवाना रद्द होतो, मग राहण्याचा व्हिसा. परवाना रद्द करताना कामगाराकडून सही घेतात. पैसे हातात किंवा खात्यात आल्याशिवाय "सगळं मिळालं" अशा कागदावर सही करायची नाही. कायद्याप्रमाणे नोकरी संपल्यापासून 14 दिवसांत मालकानं सगळी देणी द्यायची असतात. पासपोर्ट अडवून ठेवायचा मालकाला हक्क नाही.

दुसरी गोष्ट, हिशेब. एक वर्ष पूर्ण झालं असेल तर ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी 21 दिवसांचा आणि त्यापुढे दर वर्षी 30 दिवसांचा बेसिक पगार. समजा बेसिक 1200 दिरहम आहे आणि नोकरी सात वर्षं झाली. दिवसाचे 40 दिरहम. 21 दिवसांचे 840, असे पाच वर्षांचे 4200. पुढच्या दोन वर्षांचे 2400. एकूण 6600 दिरहम. लक्षात ठेवा, खोली-जेवणाचा भत्ता यात धरत नाहीत, फक्त बेसिक धरतात. म्हणून करारावर बेसिक किती लिहिलंय ते आजच विचारून ठेवा. शिवाय राहिलेला पगार आणि न घेतलेल्या रजेचे पैसे वेगळे. दुसरीकडे नोकरी लागली नसेल आणि कामगाराच्या चुकीमुळे काढलं नसेल, तर परतीचं तिकीटही मालकाकडे लागतं.

तिसरी गोष्ट, दिवस मोजणं. व्हिसा रद्द झाला म्हणजे त्याच रात्री देश सोडायचा असं नसतं. मुदत मिळते. पूर्वी सरसकट 30 दिवस असायचे. 2022 पासून व्हिशाच्या प्रकाराप्रमाणे ती 180 दिवसांपर्यंत वाढवली आहे. पण शेजारच्या भावोजींना जास्त दिवस मिळाले म्हणून आपल्यालाही मिळतील असं धरू नका. दुबईचा व्हिसा असेल तर जीडीआरएफएच्या आणि बाकी ठिकाणचा असेल तर आयसीपीच्या संकेतस्थळावर शेवटची तारीख तपासता येते. ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. त्यानंतर दिवसाला 50 दिरहम दंड चढतो. या मुदतीत नवी नोकरी मिळाली तर तिचा व्हिसा करून घेता येतो. पण व्हिजिट व्हिशावर काम करणं बेकायदा आहे, एजंट काहीही म्हणू देत.

चौथी गोष्ट आम्हालाही नवीन होती. जानेवारी 2023 पासून तिथे नोकरी जाण्याचा विमा सक्तीचा आहे. 16,000 दिरहमपर्यंत बेसिक असणाऱ्यांना महिन्याला फक्त 5 दिरहम. सलग 12 महिने हप्ते भरलेले असतील आणि नोकरी आपण स्वतः सोडलेली नसेल, शिस्तभंगासाठी काढलेलं नसेल, तर बेसिकच्या 60 टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. मात्र दावा 30 दिवसांच्या आत करावा लागतो, आणि तिथून निघून आलात तर तो बंद होतो. आमच्या ताईंच्या नवऱ्यानं हप्ते भरले होते. त्यांना 1200 च्या हिशेबानं महिन्याला 720 दिरहम मिळू शकले असते. पण लाजेत आणि काळजीत ते 30 दिवस निघून गेले.

पाचवी गोष्ट, बँक. तिथलं कर्ज, क्रेडिट कार्ड मिटवून बँकेचं पत्र घ्या. कर्ज ठेवून निघालं तर विमानतळावर अडवलं जाऊ शकतं. आणि इकडे आलं की सुटलो असंही नाही. जानेवारी 2020 पासून तिथल्या दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा भारतातल्या कोर्टातून वसूल करता येतो. घरावर, जमिनीवर गोष्ट येऊ शकते. कायमचं परत आल्यावर इथलं एनआरई खातंही बँकेत सांगून साध्या खात्यात बदलायचं असतं.

ज्या भाभी मुलांसह तिथेच राहतात, त्यांच्यासाठी एक: नवऱ्याच्या नावावर असलेले बायको-मुलांचे व्हिसे आधी रद्द करावे लागतात, मग नवऱ्याचा. शाळेचे दाखले त्याआधी हातात घ्या.

मदत कुठे मिळेल? लिहून घ्या. पगाराची, हिशेबाची तक्रार तिथल्या कामगार मंत्रालयाकडे, 600590000. दुबईत भारत सरकारचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथून फुकट फोन 80046342. आपल्या गावातून लावायचा फुकट नंबर 1800113090. आणि भारत सरकारच्या 'मदद' या पोर्टलवर घरची बाईसुद्धा तक्रार नोंदवू शकते.

आमच्या ताईंनी नवऱ्याला तक्रार करायला लावली. सही दिली होती, पण पैसे आले नव्हते हे बँकेच्या स्टेटमेंटवर दिसत होतं. काही रक्कम मिळाली, सगळी नाही. भावोजी आता गावी आहेत. गटानं ताईंच्या हप्त्याला मुदत वाढवून दिली.

त्या दिवसापासून आमच्या गटांनी एक ठरवलं. ज्यांचं माणूस परदेशात आहे तिच्या घरी एक पिशवी असायची. तिच्यात पासपोर्ट, व्हिसा, एमिरेट्स आयडी, नोकरीचा करार आणि विम्याची पावती, यांच्या झेरॉक्स. मोबाईलमधला फोटो पुरेसा नाही, मोबाईल बिघडतो. पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही विचारा, कुणाकडे काय आहे आणि काय नाही.

आणि नोकरी गेली तर लपवू नका. नोकरी जाणं हा गुन्हा नाही. त्या ताई पहिल्या आठवड्यात बैठकीला येऊन बोलल्या असत्या, तर विम्याचे पैसे वाचले असते. आज रात्री फोन आला की जेवलात का विचारा, आणि मग विचारा, "तुमच्या करारावर बेसिक किती लिहिलंय?"