दाढ दुखतेय? आधी सरकारी दवाखाना



दाढ ठणकते.
आपण लवंग धरतो, मिश्री लावतो.
मिश्री म्हणजे तंबाखूच.
तिनं दुखणं दबतं, कीड तशीच राहते.

खर्चाची भीती वाटते ना?
मग आधी नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलचं ग्रामीण रुग्णालय गाठा.
15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत.
केसपेपरलाही पैसे नाहीत.
दातांचे डॉक्टर कधी भेटतील, ते खिडकीवरच विचारा.

तिथं काम झालं नाही,
तर चिठ्ठी घ्या.
नाशिकला त्र्यंबक रोडवर जिल्हा रुग्णालय आहे.
तेही मोफत.

कवळी किंवा कॅप बसवायची असेल,
तर पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात चौकशी करा.
तिथं विद्यार्थी काम करतात.
घाबरू नका, शिक्षक शेजारी उभे असतात.
वेळ जास्त लागतो, पैसे कमी.
खर्च मात्र आधी विचारून घ्या.

पुन्हा सांगते, आधी सरकारी दवाखाना.
आणि लवकर.
कीड लहान असेल तर दात भरून वाचतो.
उशीर झाला, तर काढावाही लागू शकतो.

मुलांचं काय?
शाळेत, अंगणवाडीत आरोग्य पथक येतं.
ते दातही बघतं.
त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.